जुन्या रॉकेल इंजिनावर शेतातली मिनी बाईक: क्लच, चेन आणि ब्रेकचं गणित

माणदेशी_रान

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

आमच्याकडे होंडाचं जीके २०० इंजिन आहे. १९७ सीसी, फोर स्ट्रोक, साईड वॉल्व्ह. पेट्रोलवर सुरू करायचं आणि गरम झालं की कॉक फिरवून रॉकेलवर टाकायचं, त्यातलं. आजोबांनी ओढ्याचं पाणी उचलायला घेतलं होतं. पुढे विहिरीवर मोटर बसली, मग ठिबक झालं, आणि हे पंपासकट गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्याखाली गेलं. भंगारवाला दर वर्षी किलोवर मागायचा, वडिलांनी दिलं नाही.

उन्हाळ्यात ते बाहेर काढलं. प्लग काढून बोअरमध्ये चमचाभर ऑईल सोडलं, रात्रभर तसंच ठेवलं आणि सकाळी दोरीने हळूहळू फिरवलं. फिरलं, पण कॉम्प्रेशन अजिबात नाही. साईड वॉल्व्हचं सुख असं की हेडचे बोल्ट काढले की दोन्ही वॉल्व्ह समोर दिसतात. एग्झॉस्ट वॉल्व्ह अर्धवट उघडा अडकला होता, दांड्यावर गंज आणि काजळी. डिझेल सोडत, हलक्या हाताने वर-खाली करत सोडवला, ग्राइंडिंग पेस्ट लावून सीटवर घासून घेतला. सीटवर सगळीकडून सारखी राखाडी कडी उमटेपर्यंत घासायचं, हे वडिलांनी शेजारी बसून करवून घेतलं. कार्बोरेटरच्या वाटीत जुन्या रॉकेलचा तपकिरी चीक बसला होता, मेन जेट पूर्ण बंद. ते क्लीनरमध्ये भिजवून हवेने मोकळं केलं. नवं हेड पॅकिंग, नवा प्लग, नवं ऑईल. प्लग बॉडीला टेकवून दोरी ओढली तर ठिणगी निळी आणि खणखणीत. आता इंजिन सुरू होतं आणि एका लयीत चालतं.

ते पुन्हा पोत्याखाली घालायचं नाही, एवढं नक्की. घरापासून विहिरीपर्यंत आणि तिथून वरच्या तुकड्यापर्यंत आमचाच रस्ता आहे, मधे एक चांगला चढ. ठिबकचं सामान, कधी खताचं अर्धं पोतं घेऊन दिवसातून अनेकदा जावं लागतं. त्यासाठी १० इंची स्कूटरच्या चाकांवर एक बुटकी मिनी बाईक करायची आहे. ठरवलंय ते असं: इंजिनाच्या शाफ्टवर १० दातांचा सेंट्रिफ्युगल क्लच (फेरे वाढले की आपोआप पकडणारा), मागच्या चाकाला १०० सीसी मोटरसायकलचं ४२ दातांचं स्प्रॉकेट, आणि मधे सरळ एक चेन. टायर ३.५०-१०.

कुणी असं केलं असेल तर सांगा. फ्रेम अजून कापलेली नाही, त्यामुळे काहीही बदलता येईल.

गॅरेजवाला_नगर

पहिल्याच धाग्यात इतकं नीट लिहिलंय, वाचून बरं वाटलं. वॉल्व्हचं काम उत्तम झालंय.

एक सुचवतो. भंगारात टीव्हीएस एक्सएलचं ६९.९ सीसीचं टू स्ट्रोक इंजिन सहज मिळतं. सेंट्रिफ्युगल क्लच आतच, रिडक्शन (फेरे कमी करणारे गिअर) आतच, बाहेर फक्त चेन. वजनाला हलकं. आमच्या नगरमध्ये लुना जन्मली, १९७२ पासून इथे तिची इंजिनं उघडणारे हात तयार झाले. त्यामुळे मला छोटं टू स्ट्रोक नेहमी जवळचं वाटतं. बाकी तुमचा जीव आजोबांच्या इंजिनात असेल तर तेच करा, मी अडवणार नाही.

माणदेशी_रान

दादा, सूचना पटते. पण बाईक हवी म्हणून इंजिन शोधत नाहीये, हे इंजिन चालतं ठेवायचं म्हणून बाईक करतोय.

टर्नर_कोल्हापूर

उद्यमनगरात लेथवर आयुष्य गेलंय, शेतकऱ्यांची पंपाची इंजिनं रोज हातातून जातात. तुमचं इंजिन चांगलं आहे. पण तुम्ही लिहिलेली सरळ चेन चालणार नाही. फ्रेम कापायच्या आधी विचारलंत ते बरं केलंत. हिशेब मांडतो, स्वतः पडताळून बघा.

३.५०-१० टायरचा बाहेरचा व्यास साधारण ४३२ मिमी, म्हणजे एका फेऱ्यात चाक सुमारे १.३५ मीटर जातं. गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचे फेरे आवरणारा भाग, ३६०० आरपीएमच्या पुढे जाऊ देत नाही. १० ला ४२ म्हणजे रेशो ४.२. ३६०० ला चाक ८५७ फेरे घेईल आणि बाईक ताशी ७० किमी जाईल. कागदावर. शेतात ७० कुणाला हवंय, आणि त्या बुटक्या गाडीवर ७० ला काय होईल ते बोलायलाच नको.

पण खरी अडचण वेगाच्या वरच्या टोकाला नाही, खालच्या टोकाला आहे. असा क्लच साधारण १८०० ते २२०० आरपीएमच्या दरम्यान पकडतो. २००० धरा. ४.२ च्या रेशोवर २००० आरपीएमला बाईकचा वेग होतो ताशी ३८-३९ किमी. म्हणजे त्याच्या आत तुम्ही जितका वेळ चालवाल तितका वेळ क्लचचे शू ड्रमवर घसरत राहणार. शेतात तर तुम्ही कायम त्याच्या आतच चालवणार. शू तापतात, लायनर काचेसारखं गुळगुळीत होतं, स्प्रिंगा ढिल्या पडतात. मग लोक क्लच विकणाऱ्याला दोष देतात.

आता चढ बघा. बाईक, तुम्ही आणि सामान मिळून १५० किलो धरू. शंभर मीटरला १५ मीटर चढ, वर मातीचा रस्ता ओढून धरतो ते वेगळं. या दोन्हीला मिळून चाकाच्या टोकाशी जवळपास ३०० न्यूटन ओढ लागते. चाकाची त्रिज्या २१.६ सेंमी, म्हणजे ॲक्सलवर सुमारे ६४ न्यूटन-मीटर. ४.२ ने भागलं तर इंजिनाकडून १५ न्यूटन-मीटर मागताय. हे इंजिन १० च्या आतलं आहे. ते चढणारच नाही, क्लच जाळत जागेवर उभं राहील.

रेशो ९ घ्या. मागणी ७ न्यूटन-मीटरवर येते, तेवढं हे इंजिन देतं. सर्वात जास्त वेग ताशी ३२ च्या आसपास, आणि क्लच १८ ला पूर्ण पकडतो. शेताच्या रस्त्याला हेच आकडे हवेत.

९ एका चेनमध्ये मिळत नाही, १० दातांना ९० दातांचं स्प्रॉकेट चाकात मावणार नाही. म्हणून मधे एक शाफ्ट टाकायचा. इंजिनावरचा क्लच १० दात, मधल्या शाफ्टवर ३० दात. त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला १४ दात, चाकावर तुमचं ४२. तीन गुणिले तीन, नऊ. मधला शाफ्ट ईएन ८ पोलादाचा २० मिमी, दोन्ही बाजूंना यूसीपी २०४ बेअरिंग, ६ मिमीची चावी. क्लच मात्र इंजिनाच्याच शाफ्टवर ठेवा. मधल्या शाफ्टवर फेरे एकतृतीयांश होतात, तिथे तो वेळेवर पकडणार नाही.

चेन ४२० आणि ४२८ दोन्हींची पिच १२.७ मिमीच असते, पण रुंदीत फरक. ४२८ च्या स्प्रॉकेटवर ४२० ची चेन बसत नाही. क्लचचं स्प्रॉकेट कुठल्या चेनचं आहे ते विकत घेतानाच बघा आणि पहिला टप्पा त्याच चेनचा ठेवा. दुसरा टप्पा मोटरसायकलच्या ४२८ वर.

कळसूबाई

वाखुसा (वाचनखूण साठवली). क्लच खालच्या वेगात जळतो हे इतक्या स्पष्ट आकड्यांत कुणी सांगितलं नव्हतं.

माणदेशी_रान

काका, वहीत उतरवून घेतलं. मधला शाफ्ट टाकायचा हे पक्कं. आता पुढचा प्रश्न. पंप सोडवला तर शाफ्टच्या टोकाला आटे दिसतायत, इम्पेलर त्यावरच फिरवून बसवलेला होता. क्लचला तर चावीची खाच लागते ना?

टर्नर_कोल्हापूर

हो. पंपाला थेट जोडून येणाऱ्या इंजिनांत बरेचदा असं असतं. आट्यांवर क्लच बसवायचा विचारही करू नका, झटक्याने सुटतो. दोन वाटा आहेत. एक, इंजिन उघडून सरळ शाफ्टचा क्रँक शोधून बसवायचा. दुसरी, आट्यांच्या मागे सरळ गोल भाग पुरेसा शिल्लक असेल तर त्याच्यावर चावीची खाच पाडून घ्यायची. त्यासाठी क्रँक बाहेर काढून मिलिंगवरच न्या. इंजिन बसलेलं असताना हातग्राइंडरने खाच काढणारे भेटतील, त्यांना नको म्हणा. कीस आत बेअरिंगमध्ये जातो आणि खाच वाकडी येते ती वेगळीच.

आणि व्हर्नियरने मोजल्याशिवाय क्लच मागवू नका. बाजारातले बरेच क्लच पाऊण इंची म्हणजे १९.०५ मिमी बोअरचे असतात, काही २० मिमीचे. १९.०५ चा क्लच २० च्या शाफ्टवर जात नाही, आणि २० चा क्लच १९.०५ वर बसवला तर चावी खात खात एक दिवस तुटतो. चाव्याही वेगळ्या: पाऊण इंचीला ३/१६ इंच, २० ला ६ मिमी.

फिरण्याची दिशा विसरू नका. प्लग काढून दोरी सावकाश ओढा आणि शाफ्टच्या बाजूने उभं राहून बघा. या प्रकारची इंजिनं तिथून घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. म्हणून शाफ्ट बाईकच्या डाव्या अंगाला आला पाहिजे, म्हणजे चाक पुढे जातं. मधला शाफ्ट चेनने चालतो, त्यामुळे दिशा बदलत नाही.

ओहायोकर

मूळचा साताऱ्याचा, आता इकडे. तुमचा धागा वाचून राहवलं नाही, कारण मी राहतो तिथे मिनी बाईक ही अंगणातली वस्तू आहे. साठच्या दशकात इथे घरोघरी पोरं ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन किंवा टेकुमसेचं आडव्या शाफ्टचं इंजिन पाईपच्या फ्रेमवर बसवायची. आज बहुतेक जण हार्बर फ्रेट या अवजारांच्या दुकानांतलं प्रेडेटर २१२ इंजिन घेतात. गवत कापायच्या ढकलगाडीचं इंजिन का नाही वापरत, असा प्रश्न नवशिके हमखास विचारतात. त्याचा शाफ्ट उभा असतो, आणि आडवं पाडलं तर ऑईल जिथे नको तिथे जातं. तुमचं पंपाचं इंजिन आडव्या शाफ्टचं, म्हणजे योग्य जातीचं.

ही कल्पना त्याहून जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी वेलबाईक केली होती. विलियर्सचं ९८ सीसी टू स्ट्रोक, घडी घालून पॅराशूटच्या नळकांड्यात बसायची. ना सस्पेन्शन, ना दिवे. होंडाची मंकी १९६१ मध्ये टोकियोजवळच्या तामा टेक या करमणूक उद्यानातल्या ४९ सीसीच्या छोट्या गाडीपासून सुरू झाली, पाच इंची चाकांची. एक लहान इंजिन, एक क्लच, एक चेन, एवढ्यावर माणूस पुढे जातो, यात मला आजही आनंद वाटतो.

दोन गोष्टी काकांच्या हिशेबात जोडतो.

चढावर सावकाश चालवायचं असेल तर साध्या क्लचऐवजी इथे टॉर्क कन्व्हर्टर बसवतात. नाव मोठं आहे, पण आतून तुमच्या स्कूटरचा पट्टा आणि व्हेरिएटरच. उभ्यापासून निघताना साधारण २.७:१, वेग धरल्यावर ०.९:१, आपोआप बदलतो. तो बसवला तर पुढच्या चेनचं रिडक्शन कमी ठेवता येतं. तिकडे मिळाला तर विचार करा, नाही मिळाला तर मधला शाफ्ट उत्तम.

दुसरी गोष्ट गव्हर्नरची. ॲक्सिलरेटरची केबल थेट कार्बोरेटरच्या बटरफ्लायला जोडू नका. गव्हर्नरच्या हाताला जी स्प्रिंग ओढते, त्या लिव्हरला जोडा. म्हणजे तुम्ही मूठ पिळून वेग मागता आणि गव्हर्नर तो देतो, पण मर्यादेपुढे जाऊ देत नाही. चढ लागला की तो आपणहून बटरफ्लाय उघडतो, शेतात फार सोयीचं.

रेस_पुणे

पण गव्हर्नर काढला तर ५०००-५५०० पर्यंत जाईल ना? इतका छान प्रोजेक्ट, थोडा वेग पण हवा. व्हिडिओत सगळे काढतात.

टर्नर_कोल्हापूर

बाळा, तुझ्या वयाला वेग हवासा वाटणं साहजिक आहे, म्हणून नीट सांगतो.

या इंजिनाचा कनेक्टिंग रॉड ॲल्युमिनियमचा आहे आणि मोठ्या टोकाला वेगळं बेअरिंग नाही, ॲल्युमिनियम थेट क्रँकवर फिरतं. ऑईल पंप नाही. रॉडच्या खाली एक पळीसारखा तुकडा असतो, तो ऑईलमध्ये बुडून शिंतोडे उडवतो, तेवढंच वंगण. फ्लायव्हील बिडाचं. हे सगळं ३६०० साठी बनवलंय. फेरे दीडपट केले की रॉडवरचा ताण सव्वादोनपट होतो, कारण तो वर्गाने वाढतो. रॉड तुटला तर क्रँककेस फोडून बाहेर येतो. बिडाचं फ्लायव्हील फुटलं तर त्याचे तुकडे कुठे जातील यावर कुणाचाच ताबा नाही, आणि मिनी बाईकवर ते तुझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर असतं. व्हिडिओतले जाणते लोक आधी स्टीलचं फ्लायव्हील आणि वेगळा रॉड बसवतात, मग गव्हर्नर काढतात. ते पाच मिनिटांच्या व्हिडिओत दिसत नाही.

शिवाय हे रॉकेलचं इंजिन. रॉकेल ठोका देऊ नये म्हणून कॉम्प्रेशन मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. वरच्या फेऱ्यांत त्याच्यात ताकद उरतच नाही. आवाज मिळेल, वेग नाही.

रेस_पुणे

समजलं काका. रॉडला बेअरिंग नसतं हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

सुगीचे_दिवस

मी यंत्रातली नाही, पण शेत मी चालवते आणि असल्या घरच्या गाड्यांवर बसते, म्हणून लिहिते.

दादा, चेनवर आणि क्लचवर पूर्ण झाकण करा. नुसती वरून पट्टी नको, बाहेरच्या बाजूनेही पत्रा हवा. तुम्ही पँट घालून चालवाल, पण घरातली बाई विहिरीवर जाताना हीच गाडी घेईल. साडीचा पदर, ओढणी, डोक्याचा टॉवेल, काहीही त्या क्लचमध्ये जाऊ शकतं. बुटकी गाडी म्हणजे चेन मांडीच्या जवळ. सायलेन्सरलाही जाळी लावा, पोटरी हमखास भाजते.

दुसरं, ब्रेकबद्दल तुम्ही एक ओळही लिहिलेली नाही. चढ आहे म्हणता, म्हणजे परत येताना उतार आहे. खताचं पोतं मागे बांधून उतरताना काय?

टर्नर_कोल्हापूर

ताईंनी सर्वात महत्त्वाचं विचारलं. उतारावर हा क्लच दगा देतो. फेरे पकडीच्या खाली आले की क्लच सुटतो, आणि मग इंजिनाचा ब्रेक शून्य. गिअरच्या गाडीसारखं इंजिन मागे धरून ठेवत नाही, गाडी मोकळी सुटते. त्यामुळे सगळा भार ब्रेकवर.

दोन्ही चाकांना ब्रेक पाहिजेच. स्कूटरची ड्रम असलेली, आरपार ॲक्सलची दोन चाकं घ्या. मागच्या हबला ड्रमच्या विरुद्ध बाजूला फ्लँज टर्न करून त्यावर स्प्रॉकेट बोल्ट करायचं. ब्रेक प्लेटला फ्रेमवर पक्का टॉर्क आर्म द्या. हा लोक विसरतात, आणि पहिल्या जोरदार ब्रेकला प्लेटच फिरते आणि केबल तोडते. पुढचा ब्रेक उजव्या हाताला, मागचा डाव्या हाताला, क्लचचा लिव्हर नसल्यामुळे जागा मोकळीच आहे. मोकळ्या गाडीला पोतं बांधून, इंजिन बंद ठेवून, त्याच उतारावर ब्रेक तपासा. इंजिन त्याच्यानंतर.

ओहायोकर

ताईंना आणि काकांना +१. इकडच्या स्वस्त मिनी बाईकना बरेचदा फक्त मागचा ब्रेक असतो, सपाट अंगणात भागतं. उतारावर भागत नाही.

ॲक्सिलरेटरला परत आणणाऱ्या दोन स्प्रिंगा लावा, एक तुटली तर दुसरी आहे. आणि हँडलवर किल स्विच. मॅग्नेटोच्या प्रायमरीची वायर बॉडीला टेकवली की इंजिन बंद पडतं, बस्स, बॅटरी लागत नाही. मनगटाला दोरी बांधायचा स्विच मिळाला तर सर्वात उत्तम. माणूस पडला की इंजिन थांबतं.

गॅरेजवाला_नगर

फ्रेमबद्दल. नळाचा जीआय पाईप वापरू नका. घरात पडलेला असतो म्हणून मोह होतो. जस्ताचा मुलामा वेल्डिंगला जळतो, त्याच्या पांढऱ्या धुराने वेल्डरला संध्याकाळी थंडी-ताप भरतो, आणि जोडही भोकांचा येतो. काळा ईआरडब्ल्यू पाईप घ्या, इंचाचा, भिंत किमान २ मिमी. इंजिनाखाली ६ मिमीची प्लेट, तिला लांबट खाचा, म्हणजे पहिली चेन ताणता येईल. मागच्या ॲक्सललाही खाचा, दुसऱ्या चेनसाठी. मधला शाफ्ट पक्का.

हँडलचा कोन स्वतः शोधत बसू नका. भंगारातल्या मोपेडची हेड ट्यूब, कप-कोन, फोर्क असा संचच घ्या आणि उभ्यापासून २४-२५ अंश कलवून वेल्ड करा. ट्यूब वेल्ड करताना कप काढून ठेवा.

इंजिन तिरकं बसवू नका. काकांनी सांगितलेली पळी ऑईलपर्यंत पोचली पाहिजे. २० अंशांपेक्षा जास्त कल झाला की ती हवेत फिरते. तुमचा चढ त्यातच मोजला जातो, म्हणून सपाटीवर इंजिन अगदी लेव्हलला हवं. आणि पंख्याचं पत्र्याचं आवरण दिसायला जुनाट वाटलं तरी काढू नका. फ्लायव्हीलचा पंखा हवा टाकतो, ती आवरणामुळेच सिलिंडरच्या फिन्सवरून जाते. समोरच्या वाऱ्यावर हे इंजिन थंड होत नाही.

ॲड_वाटसरू

तांत्रिक भागात मला गती नाही, कायद्याचं सांगतो, कारण अशा धाग्यांत ते शेवटपर्यंत कुणी विचारत नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८, कलम २(२८) मध्ये मोटार वाहनाची व्याख्या आहे. चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन असेल तर ते वाहन व्याख्येबाहेर. तुमचं १९७ आहे, म्हणजे ती सूट नाही. कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरायच्या खास वाहनालाही सूट आहे, पण उघडं शेत त्यात बसतं का, यावर वाद होऊ शकतो. त्यावर विसंबू नका.

सार्वजनिक जागा म्हणजे लोकांना जायचा हक्क आहे अशी कुठलीही जागा, मग ती डांबरी असो वा नसो. पाणंद आणि शिवरस्ता त्यात येतात. तिथे ही बाईक न्यायची तर नोंदणी आणि विमा लागेल. नोंदणीसाठी वाहनाचा नमुना केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ प्रमाणे एआरएआयसारख्या संस्थेकडून मंजूर असावा लागतो, आणि घरी बनवलेल्या एका बाईकसाठी ते व्यवहारात शक्य नाही. थोडक्यात, स्वतःच्या बांधाच्या आतच.

मुलांच्या हातात देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९९अ आलं आहे. अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणखी एक. भंगारातली हेड ट्यूब घेताना त्यावर चासी नंबर असेल तर ती गाडी कुणाच्या नावावर आहे आणि नोंदणी रद्द झाली आहे का, ते विचारा. नोंदणी चालू असलेल्या गाडीची चासी कापणं अंगाशी येतं.

माणदेशी_रान

वकीलसाहेब, आमचा सगळा रस्ता आमच्याच गटात आहे, मधे पाणंद लागत नाही. मुलांना दोरी ओढू देईन, बसू देणार नाही. ताई, झाकणाचं आणि ब्रेकचं तुम्ही बोललात म्हणून आराखडाच बदलला. आधी ब्रेक, मग फ्रेम, मग इंजिन, असाच क्रम ठेवतो. झालं की कळवतो.

कळसूबाई

फोटो नक्की टाका. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

माणदेशी_रान

मंडळी, बाईक चालली. फोटो चढवायला रेंज मिळत नाही, तोवर शब्दांत.

क्रँक काढून मिलिंगवर चावीची खाच पाडून आणली. आट्यांच्या मागे सरळ भाग पुरेसा निघाला. शाफ्ट मोजला तर २० मिमी भरला, क्लच त्याच मापाचा मागवला. क्रँक काढलाच होता म्हणून रिंगा आणि ऑईल सीलही नवे टाकले. मधला शाफ्ट यूसीपी २०४ वर आहे. दोन्ही चेनची रेघ सरळ आहे का ते बघायला स्प्रॉकेटला लोखंडी पट्टी टेकवून घेतली, मधल्या शाफ्टला दोन मिमीचा वॉशर लागला.

पोतं बांधून, इंजिन न लावता, उतारावर ब्रेकची चाचणी घेतली. वडील खाली उभे राहिले होते. मागचा एकटा ब्रेक पोत्यासह गाडी धरत नव्हता, चाक घसरत जायचं. दोन्ही मिळून जागच्या जागी थांबते. ताईंचं म्हणणं डोळ्यांनी पाहिलं.

मग इंजिन. सपाटीला निघताना हलकासा झटका, नंतर क्लच पकडतो ते पायाखाली जाणवतं. चढाला गव्हर्नर आपोआप आवाज चढवतो, गाडी दमत नाही. अर्धं पोतं घेऊन वरच्या तुकड्यापर्यंत गेलो, उतरून लगेच क्लचच्या झाकणावर हात ठेवला, कोमट होतं. वडिलांनीही एक फेरी मारली आणि गाडी गोठ्यात न लावता पडवीत लावायला सांगितली.

दोन प्रश्न उरलेत. रॉकेलची टाकी आणि कॉक ठेवू का काढू? आणि पावसाळ्यात महिना-दीड महिना गाडी उभी राहील, तेव्हा काय काळजी घ्यायची?

गॅरेजवाला_नगर

अभिनंदन! पडवीत जागा मिळाली यातच सगळं आलं.

रॉकेलचा भाग काढा. तुमच्या फेऱ्या छोट्या आहेत, इंजिन रॉकेलवर टाकण्याइतकं तापायच्या आत तुम्ही विहिरीवर पोचता. थंड इंजिनात रॉकेल पूर्ण जळत नाही, रिंगांवरून खाली उतरून ऑईल पातळ करतं. पेट्रोलवरच ठेवा.

उभं ठेवताना: आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. टाकी रिकामी करा, कॉक बंद करून इंजिन स्वतःहून बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरची वाटी कोरडी होते. जुनी रबरी नळी बदलून इथेनॉलला टिकणारी टाका, जुनी आतून सोलते आणि तिचे कण जेटमध्ये येतात. शेवटी प्लग काढून चमचाभर ऑईल, दोरी एकदा ओढा, मग प्लग बसवून जोर लागेपर्यंत सावकाश ओढून पिस्टन कॉम्प्रेशनवर आणून ठेवा, म्हणजे दोन्ही वॉल्व्ह बंद राहतात आणि ओल आत जात नाही.

टर्नर_कोल्हापूर

वडिलांना माझा नमस्कार सांगा.

आता देखभाल. एकच सिलिंडर, थरथर भरपूर. इंजिनाचे चार बोल्ट, बेअरिंगचे चार आणि मागच्या स्प्रॉकेटचे सगळे, नायलॉनच्या लॉकनटवर घ्या आणि सुरुवातीला दर आठवड्याला पाना लावून बघा. चेन मधोमध दाबल्यावर २०-२५ मिमी हलली पाहिजे, नवी चेन लवकर ढिली पडते. क्लचच्या आतल्या बुशला अधूनमधून एक थेंब ऑईल, एकच, जास्त झालं तर शूवर जातं. नव्या रिंगा टाकल्यात, तर पहिलं ऑईल लवकर बदला आणि काढलेलं ऑईल पांढऱ्या फडक्यावर ओतून त्यात चमकणारे कण किती आहेत ते मला लिहा.

आणि वॉल्व्ह घासला आहे, म्हणजे तो सीटमध्ये किंचित खाली बसला असणार. या इंजिनात टॅपेटला (वॉल्व्ह उचलणाऱ्या भागाला) गॅप जुळवायचा स्क्रू नसतो. फिलर गेज घालून बघा. गॅप कमी भरला तर वॉल्व्ह काढून दांड्याचं टोक काटकोनात, अगदी थोडं थोडं ग्राइंड करावं लागेल. ते घरी करू नका, इकडे येणं झालं तर घेऊन या, माझ्यासमोर करून देतो.